सेन्सर बदलायच्या आधी सकाळची ती टक-टक ऐका

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातली २०१८ सालची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, ७८ हजार किलोमीटर चाललेली. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१३३ आणि पी०१७१ असे दोन कोड आले, ॲव्हरेज सतरावरून तेरावर आलं. गॅरेजात सांगितलं, पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवा टाका. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: सेन्सर साफ करून चालेल का, नवा टाकावाच लागेल का, आणि टाकला तर ॲव्हरेज परत येईल का. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: सकाळी गार गाडी चालू केली की बॉनेटखालून टक-टक आवाज येतो, चार-पाच किलोमीटर गेलं की आपोआप बंद होतो.

सगळ्या प्रश्नात कामाची ओळ हीच आहे. आज सेन्सर विकत घेऊ नका, साफ करायच्या भानगडीत तर पडूच नका. आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून पुढे नेणाऱ्या इंजिनालगतच्या पाइपांना, कुठे गळती आहे का ते बघा. गार असताना टक-टक आणि तापल्यावर शांत, ही मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून किंवा बारीक चिरेतून धूर सुटल्याची जुनी खूण आहे. लोखंड तापून फुगतं, फट दबते, आवाज थांबतो. पण आवाज थांबला म्हणजे फट पूर्ण मिटली असं नाही.

आता गळतीचा आणि सेन्सरच्या कोडचा संबंध काय, ते बघू. पुढचा सेन्सर मॅनिफोल्डवर, कॅट-कॉनच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) अलीकडे बसतो. त्याच्या आत झिर्कोनियाची, करंगळीच्या टोकाएवढी पोकळ टोपी असते. टोपीच्या बाहेरून धूर जातो आणि आत साधी हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की व्होल्टेज तयार होतं. धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरलाच नाही, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन शिल्लक राहिला तर ०.१ च्या आसपास. ०.४५ ही मधली रेघ. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हे व्होल्टेज बघून इंजेक्टर कमी-जास्त उघडा ठेवतो, त्यामुळे तापलेल्या, धडधाकट गाडीत हा आकडा सतत वरखाली झोके घेत असतो.

यातली मेख अशी की सेन्सरला पेट्रोल कळत नाही, फक्त ऑक्सिजन कळतो, आणि तो ऑक्सिजन कुठून आला हे त्याला कळायचा मार्ग नाही. धूर पाइपातून नळाच्या धारेसारखा सलग वाहत नाही. एकेका सिलिंडरच्या धक्क्याने पुढे सरकतो. प्रत्येक धक्क्याच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, आणि सेन्सरच्या अलीकडे फट असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो ईसीयूला सांगतो की पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. फट तिथेच असल्यामुळे सेन्सर पुन्हा तेच सांगतो. शेवटी वाढवायची मर्यादा संपली की पी०१७१ नोंदवला जातो, ‘मिश्रण लीन’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आत घुसणाऱ्या हवेमुळे सेन्सरचे झोकेही मंद आणि बोथट होतात, म्हणून सोबत पी०१३३, ‘सेन्सरचा प्रतिसाद संथ’. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं की सेन्सरच बदलायचा, हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे. नवा सेन्सरही त्याच फटीसमोर बसून तेच सांगणार.

तुमच्या ॲव्हरेजचा आकडाही याच बाजूने बोलतो. हवा खरोखर इनटेककडून, म्हणजे इंजिन हवा आत घेतं त्या बाजूने, घुसत असती, म्हणजे खरी लीन गाडी असती, तर ईसीयूने पेट्रोल वाढवून मिश्रण जाग्यावर आणलं असतं. त्यात ॲव्हरेज फारसं पडत नाही. चार किलोमीटरची घट म्हणजे पेट्रोल खरोखर जास्त जातंय. कोड म्हणतो लीन आणि गाडी पेट्रोल पितेय. हे दोन्ही एकत्र दिसलं की सेन्सरला खोटी बातमी मिळतेय किंवा सेन्सर स्वतः खोटं बोलतोय, या दोनातलं एक.

याची खात्री करायला सर्वात स्वस्त साक्षीदार म्हणजे स्पार्क प्लग. चारही काढा आणि सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडा. टोकाचं पांढरं चिनीमातीचं नाक फिकट तपकिरी, चहाच्या डागासारखं असेल तर त्या सिलिंडरमध्ये जळण ठीक आहे. त्यावर कोरडी, बोटाला लागणारी मखमली काजळी असेल तर मिश्रण खरोखर रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आहे, कोड काहीही म्हणो. चारही प्लग सारखे काळे असतील तर मॅनिफोल्डची फट किंवा सेन्सर. एकच काळा आणि तीन साफ असतील तर तो एक इंजेक्टर गळतोय किंवा तिथे मिसफायर आहे, म्हणजे पेट्रोल नीट पेटतच नाही. मिसफायरचाही इथे घोटाळा होतो: न जळलेल्या पेट्रोलसोबत न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो, आणि सायलेन्सरला पेट्रोलचा वास येत असताना सेन्सर मात्र ‘लीन’ म्हणतो. पी०३०० ते पी०३०४ या मिसफायरच्या कोडांपैकी काही सोबत असेल तर आधी प्लग आणि इग्निशन कॉइल, सेन्सरचा विचार मागाहून.

आता स्कॅनर. कोड लगेच पुसू नका. पुसलं की फ्रीझ फ्रेम जाते, म्हणजे कोड पडला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, लोड किती, ही नोंद. ती आधी लिहून घ्या. त्यात कूलंटचं तापमान ५०-६० वरच अडकलेलं दिसलं तर गोष्ट वेगळीच आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा कुणीतरी ‘गाडी गरम होते’ म्हणून तो काढूनच टाकलाय. आपल्याकडे हा उद्योग सर्रास चालतो आणि त्यात ॲव्हरेजचा बळी जातो, कारण इंजिन गार आहे असं समजून ईसीयू जास्तच पेट्रोल देत राहतो.

लाइव्ह डेटासाठी महागडं यंत्र लागत नाही. ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ ॲडॉप्टर आणि मोबाइल पुरतो. फक्त एक काळजी घ्या. हे ॲडॉप्टर सावकाश वाचतात. स्क्रीनवर दहा आकडे लावले तर प्रत्येक आकडा दोन-तीन सेकंदांनी बदलतो आणि चांगला सेन्सरही संथ दिसतो. एका वेळी एकच, फार तर दोन आकडे लावा. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून पूर्ण तापवा, एसी बंद करा, २५०० आरपीएमवर दोन मिनिटं धरा. पुढच्या सेन्सरचा आकडा ०.२ च्या खाली आणि ०.७ च्या वर, असा भराभर जायला हवा. दहा सेकंदांत आठ-दहा वेळा ०.४५ ची रेघ ओलांडली तर सेन्सर चपळ आहे असं समजा. कॅट-कॉनच्या मागचा सेन्सर मात्र शांत हवा, ०.६-०.७ च्या आसपास. तोही पुढच्यासारखे झोके घेत असेल तर कॅट-कॉन थकलाय, तो पी०४२०चा विषय.

मग ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (ईसीयूने लक्षात ठेवलेली) यांची बेरीज करून दोन ठिकाणी लिहून घ्या, आयडलला आणि २५०० आरपीएमवर. बेरीज उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. आयडलला वीसच्या पुढे आणि २५०० वर सहा-सातवर येत असेल तर कुठून तरी हवा घुसतेय. कारण फटीतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते आणि इंजिनची एकूण हवा वाढते, म्हणून तिचा वाटा घटतो. उलट आयडलला ठीक आणि वंटमुरीचा घाट चढताना ट्रिम वाढत गेली तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा तुंबलेले इंजेक्टर बघायचे. चालत्या गाडीत आकडे शेजारच्याने वाचायचे, गाडी चालवणाऱ्याने नव्हे.

घाटाचा आणखी एक उपयोग आहे. गिअरमध्येच, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतार उतरला की ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो. पाइपातून तेव्हा निव्वळ हवा जाते. चांगला सेन्सर एक-दोन सेकंदांत ०.१ च्या खाली येऊन बसतो. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर एकदम दाबला की क्षणात ०.८ च्या वर उसळतो. या दोन्ही परीक्षा पास होणारा सेन्सर बहुतेक वेळा निर्दोष असतो. खाली येतो पण वर ०.५-०.६ च्या पुढे जातच नाही, असं असेल तर सेन्सर म्हातारा झालाय किंवा समोर फट आहे. आयडलला झोके बोथट आणि जास्त आरपीएमवर बरे, तर फटीचा संशय आणखी घट्ट.

फट शोधायची ती गार इंजिनावर. रात्रभर उभी गाडी, सकाळी बॉनेट उघडा. मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं झाकण साधारणपणे दहा नंबरच्या तीन-चार बोल्टवर असतं, ते काढून ठेवा. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-४० मारून ठेवा, नाहीतर डोकं हातात येतं. मग टॉर्च मारून हेड आणि मॅनिफोल्ड जिथे मिळतात ती रेघ नीट बघा. गळती असेल तिथे काळ्या काजळीचा पंखा पसरलेला दिसतो, एखाद्या स्टडच्या भोवती किंवा पॅकिंगच्या कडेला. चीर असेल तर ती बहुतेक पाइप एकत्र येतात त्या बेचक्यात किंवा वेल्डिंगच्या कडेला असते, केसाएवढी, पण तिच्या दोन्ही बाजूंना काळपट-करडी झाक असते.

नजरेला काही दिसलं नाही तर साबणाचं पाणी. इंजिन बंद आणि गार. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला लावा, दुसरं टोक सायलेन्सरमध्ये घालून भोवती ओलं फडकं कोंबा. हवा सुरू करा आणि मॅनिफोल्डच्या प्रत्येक सांध्यावर, सेन्सरच्या बुडाशीसुद्धा, भांड्याच्या साबणाचं घट्ट पाणी शिंपडा. बुडबुडे येतील तिथे चोर. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असल्याने इनटेककडून फुसफुस ऐकू येईल, ती सोडून द्या. सेन्सरच्याच बुडाशी बुडबुडे आले तर कुणीतरी तो आधी काढून सैल बसवलाय किंवा वॉशर हरवलाय. पाच मिनिटांचं काम. सायलेन्सरच्या मागच्या भागातल्या भोकांची चिंता नको. धुराच्या वाटेत ती सेन्सरनंतर येतात, आवाज करतात, आकडे बिघडवत नाहीत.

पॅकिंग गेलं असेल तर नवीन घाला, जुनं उलटसुलट करून नको. तुटलेला स्टड असेल तर तो काढायला वेळ लागेल, घाई करणाऱ्याच्या हातात हेड देऊ नका. नट मधून सुरू करून आळीपाळीने दोन्ही कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचे. एका कडेने सरळ आवळत गेलात तर दुसरी कड उचलली जाते आणि महिन्याभरात टक-टक परत. चीर असेल आणि मॅनिफोल्ड स्टीलचा असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत आर्गन वेल्डिंग करणारे नीट काम करून देतात. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक मारायला सांगा, नाहीतर ती वेल्डच्या पुढे पळते. बिडाचा मॅनिफोल्ड वेल्ड करणं बेभरवशाचं. तापवून, निकेलच्या रॉडने, सावकाश गार करत केलं तर टिकतं, पण तेवढी निगुती कोण करतो? तिथे दुसरा मॅनिफोल्ड बघितलेला बरा. आणि एम-सील, सायलेन्सरची पुट्टी, सिलिकॉन यांतलं काहीही सेन्सरच्या अलीकडे लावायचं नाही. सिलिकॉनची वाफ झिर्कोनियाच्या टोपीवर काचेसारखा पांढरा थर बसवते, आणि मग चांगला सेन्सर खरोखरच मरतो. हेच इंजिनच्या आत वापरलेल्या स्वस्त सिलिकॉन सीलंटनेही होतं. टॅपेट कव्हर किंवा ऑइल संप चिकटवताना डब्यावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलंच वापरायला सांगा.

समजा गळती सापडलीच नाही. मग सेन्सरच्या वायरिंगकडे वळायचं. तुमच्या गाडीला चार वायरींचा सेन्सर असणार. दोन एकाच रंगाच्या असतात, त्या सेन्सर तापवणाऱ्या आतल्या हीटरच्या. उरलेल्या दोन म्हणजे सिग्नल आणि त्याचं अर्थिंग. रंग कंपनीनुसार बदलतात, म्हणून ‘पांढरी म्हणजे हीटर’ असं पाठ करून ठेवू नका, सारखा रंग बघा. कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून सेन्सरच्या बाजूने त्या दोन सारख्या वायरींमधला रेझिस्टन्स गार असताना मोजा. साधारण २ ते १५ ओहममध्ये येतो. काहीच दाखवलं नाही तर हीटर जळालाय आणि तेवढ्यावर सेन्सर बदलायला हरकत नाही. पण हीटर जळाला तर सहसा पी०१३५ किंवा पी००३० सारखा कोड येतो, तुमच्याकडे तो नाही. टोपी ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही, त्यामुळे अर्धमेला हीटर असलेला सेन्सर आयडलला झोपतो आणि हायवेला जागा होतो.

मग गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये बघा. इंजिन चालू असताना हीटरच्या एका पिनवर बॅटरीचं व्होल्टेज यायला हवं. दुसरी पिन ईसीयू थोडी-थोडी अर्थ करत असतो, ती मल्टिमीटरवर विचित्र आकडे दाखवते, घाबरू नका. व्होल्टेजच नसेल तर फ्यूज. सिग्नलच्या पिनवर कपलर काढलेला असताना बऱ्याच गाड्यांत ०.४५ च्या आसपास व्होल्टेज दिसतं. ते ईसीयूनेच पाठवलेलं असतं. म्हणूनच स्कॅनरवर आकडा ०.४५ ला ठोकून बसलेला दिसला तर त्याचा अर्थ सेन्सर सांगतोय असा नाही, सेन्सरकडून काहीच येत नाहीये असा: वायर तुटलेली, पिन गंजलेली किंवा सेन्सर गार. मल्टिमीटर डिजिटलच हवा, काट्याचा जुना नको. आणि सिग्नलच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजायचा मोह टाळा. मीटर आपला करंट आत सोडतो आणि टोपी खराब होऊ शकते.

आपल्या भागात वायरिंगचे शत्रू दोन. एक पाऊस. जांबोटी-कणकुंबीकडून चोर्ल्याला नेहमी येणं-जाणं असेल तर खालच्या बाजूच्या कपलरमध्ये पाणी जाऊन पिनांवर हिरवी बुरशी चढते. ती घासून काढा, पण आत ग्रीस किंवा स्प्रे भरू नका. बऱ्याच सेन्सरना टोपीच्या आतली ‘बाहेरची हवा’ याच वायरींच्या बारीक तारांमधून मिळते. ती वाट बुजवली की सेन्सर तुलना कशाशी करणार? दुसरा शत्रू उंदीर. सुगी आटोपून शेतं मोकळी झाली की उंदीर गावाकडे वळतात आणि रात्री गरम इंजिनावर बसून वायरी कुरतडतात. हार्नेसवरचं, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरचं, काळं कापडी वेष्टण हाताने दाबत जा, आतून मऊ लागेल तिथे उघडून बघा. तुटलेली वायर जोडताना डाग (सोल्डर) देऊ नका, बट कनेक्टर घालून पक्कडीने दाबून जोडा, वर उष्णतेने आवळणारी नळी. डाग दिला तर त्याच तारांमधली हवेची वाट बंद होते.

साफसफाईचं आता थोडक्यात. सेन्सर कार्ब क्लीनरमध्ये भिजवणं, गॅसच्या शेगडीवर लाल करणं, पेट्रोलात बुडवून ब्रशने घासणं, हे सगळं फोनवरच्या व्हिडिओत छान दिसतं. टोपीवर नुसती काजळी असेल तर ती कारण दूर झाल्यावर अर्ध्या तासाच्या हायवेच्या फेरीत आपोआप जळून जाते, काढायचीही गरज नाही. सिलिकॉनचा पांढरा थर, जळक्या ऑइलमधून आलेला फॉस्फरसचा करडा-तपकिरी थर, हेड पॅकिंगमधून शिरलेल्या कूलंटचा खडबडीत पांढरा थर, यांतलं काहीच क्लीनरने निघत नाही. आणि लाल तापलेल्या टोपीवर थेंबभर गार द्रव पडला तर आत चीर जाते, वरून मात्र काही दिसत नाही. सेन्सर काढलाच असेल तर रंग फक्त वाचा. तो इंजिनची हकीकत सांगतो. ऑइलचा थर असेल तर नवा सेन्सरही वर्षभरात तसाच होईल, आधी ऑइल का जळतंय ते बघा.

काही जण याचा सगळा दोष इथेनॉलला देतात. आपल्याकडे कारखाने आणि ऊस दोन्ही आजूबाजूला, त्यामुळे ही चर्चा चहाच्या टपरीवरही असते. हिशोब बघा. शुद्ध पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, १० टक्के इथेनॉल असेल तर साधारण १४.१ आणि २० टक्के असेल तर १३.५ च्या आसपास. म्हणजे १० वरून २० टक्क्यांवर गेल्यास ईसीयूला चार-पाच टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतं, आणि ट्रिम तेवढी वर सरकते. ते बरोबरच आहे, त्यात सेन्सरचा दोष नाही. ॲव्हरेजही साधारण तेवढंच पडतं: सतराचं सोळा-सव्वासोळा. तेरा नव्हे. आणि झिर्कोनियाच्या टोपीला पेट्रोल आणि इथेनॉल यांचा भेद नसतो, ती फक्त उरलेला ऑक्सिजन मोजते.

बाहेरून सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलं असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या पेट्रोलवरच करा. काही किट गॅसवर चालताना ईसीयूला सेन्सरचा बनावट सिग्नल देतात, तिथे स्कॅनरवर दिसणाऱ्या झोक्यांना काडीचा अर्थ नाही. आणि नंतरच्या काही बीएस-६ गाड्यांत पुढे पाच किंवा जास्त वायरींचा वाइडबँड सेन्सर असतो. त्याला ०.१ ते ०.९ चे नियम लावायचे नाहीत, तिथे स्कॅनरवर लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १.०० म्हणजे नेमकं) १.०० च्या आसपास बघायचा. वायरी मोजून अंदाज येतो, पण कुठला नियम लागतो याची खात्री मॅन्युअलमधून करा.

मॅनिफोल्ड घट्ट, वायरिंग ठीक, प्लग तरीही काळे आणि सेन्सर उतारावर आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर दोन्हीकडे आळशी, असं निघालं तरच सेन्सर घ्या. चासी नंबर सांगून घ्या, ‘याच गाडीचा’ एवढं पुरत नाही. पुढचा आणि मागचा वेगळा असतो, वायरीची लांबीही वेगळी. डब्यावरच्या स्टिकरवर विश्वास ठेवण्यापेक्षा सेन्सरच्या धातूच्या अंगावर कोरलेला नंबर बघा. पुसट छापलेला किंवा नंबरच नसलेला सेन्सर परत द्या. युनिव्हर्सल सेन्सर, म्हणजे जुना कपलर कापून जोडायचा, तो चालतो, पण वायरींची जुळणी चुकली की ईसीयूच्या हीटरच्या ड्रायव्हरला फटका बसू शकतो. थोडे पैसे वाचवायला ती जोखीम नको.

काढताना इंजिन कोमट असावं, हात भाजेल इतकं नाही. सेन्सरला २२ नंबरचा पाना बसतो. वायर जाण्यासाठी बाजूने फाक असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम. जुना सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर वायर कापून रिंग पाना घाला, सपाट पान्याने षटकोन गोल होतो. आटे एम१८ बाय १.५ चे. फिरताना करकर करत असेल तर थोडा मागे, थोडा पुढे, पुन्हा ऑइल. जबरदस्तीने ओढला तर सेन्सरसोबत मॅनिफोल्डचे आटेही येतात. आलेच, तर त्याच मापाच्या टॅपने साफ करून बघा. अगदीच गेले तर टर्नरकडून आटे पाडलेला स्टीलचा नवीन बुश करून वेल्ड करून घेता येतो. नव्या सेन्सरच्या आट्यांवर कंपनीने ग्रीस लावलेलं असतंच. नसेल तर सेन्सरसाठीचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) नुसत्या आट्यांवर, टोकाला बोट लागता कामा नये. ४० ते ५० न्यूटन-मीटरला आवळा. हातातून पडलेला सेन्सर बसवू नका, आतली टोपी चिनीमातीच्या कपासारखीच असते.

काहीही दुरुस्त केलं, पॅकिंग असो वा सेन्सर, त्यानंतर कोड पुसा आणि स्कॅनरमध्ये सोय असेल तर जुनी लाँग टर्म ट्रिमही शून्य करा. नाहीतर ईसीयू जुन्या सवयीने काही दिवस जास्त पेट्रोल देत राहतो. मग गावातलं आणि हायवेचं मिळून शंभरेक किलोमीटर चालवा, त्यात काही अंतर ७०-८० च्या एकसारख्या वेगात. नंतर ट्रिमची बेरीज आयडलला आणि २५०० वर दोन्हीकडे पाच-सहाच्या आत यायला हवी. ॲव्हरेज गाडीच्या मीटरवरून नव्हे, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, एकाच पंपावर, पहिल्या ‘टक’ला नोझल बंद झाल्यावर मोजा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी चालू करून बॉनेट उघडं ठेवा, दोन मिनिटं कान देऊन उभे राहा. टक-टक तशीच असेल तर अजून एक सांधा बघायचा राहिलाय.